मांजरसुंब्याच्या घाटात उकळणारी जीप

बीडला नगर रोडला माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, पिकअप सगळं येतं पण जीव लागतो तो जुन्या जीपमधेच, आणि मागच्या मे महिन्यात एका जीपनं मला जे शिकवलं ते लिहून ठेवावं असं कधीचं मनात होतं.

फेब्रुवारीत पाटोदा तालुक्यातले एक आबा त्यांची जीप घेऊन आले. महिंद्राची एमएम ५४०, १९८९ ची, चार सिलिंडरचं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन. वय पंच्याहत्तरच्या पुढं पण स्वतः चालवत आणली, आणि मागच्या सीटखाली वीस-वीस लिटरचे दोन कॅन पाण्यानं भरलेले. मी विचारलं आबा हे कशाला, तर म्हणाले, "जाताना घाट चढायला एक लागतो. दुसरा आपला जवळ असू द्यावा म्हनून." इतकं सहज सांगितलं की जशी काही गाडीला पाणी पाजायची ती रीतच आहे. पंचवीस एक वर्षं ती जीप मांजरसुंब्याच्या घाटात एकाच वळणावर उकळते, आबा तिथं थांबतात, बॉनेट उघडतात, अर्धा तास बसतात, पाणी ओततात आणि पुढं जातात. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका मिस्तरीनं सांगितलं इंजिन म्हातारं झालं, दुसऱ्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, काढून फेकून दिला.

पूर्ण रिस्टोर करायची ठरली. पत्र्याचं काम, चेसिस घासून लाल ऑक्साइड, वायरिंग नवी, ब्रेकचे पाइप नवे, पुढच्या एक्सलचे सील, हूड, सगळं तीन महिने चाललं, त्याचं काही विशेष नाही, पैसे आणि वेळ दिला की होतं. इंजिन मात्र मी उघडलं नाही. कारण काय, तर अर्ध्या सेल्फात चालू व्हायचं, काँप्रेशन चारी सिलिंडरला सारखं, ऑइल खात नव्हतं, धूर नव्हता. चालत्या इंजिनाला हात लावू नये असं आमच्या उस्तादांनी शिकवलेलं आणि आबांनाही अक्षय्य तृतीयेच्या आत गाडी दारात पाहिजे होती. आज सांगतो, तो निर्णय चुकला माझा.

गरम होण्यावर काम केलं नाही असं नाही हं. रेडिएटर पितळ-तांब्याचा ओरिजनल होता, रेडिएटरवाल्या चाचांकडं दिला, त्यांनी वरची टाकी डाग उखडून काढली तर अर्ध्याच्या वर नळ्या पांढऱ्या खड्यानं बुजलेल्या. रॉड मारून साफ होणार नव्हत्या म्हणून जाळीच, म्हणजे पाणी गार करणारा रेडिएटरचा नळ्यांचा भाग, नवी टाकली. वॉटर पंप नवा, बेल्ट नवा, होज पाइप नवे, कॅप नवी. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कव्हर कुणीतरी कधीच काढून टाकलं होतं, ते संभाजीनगरच्या भंगारातून शोधून आणलं, कारण ते नसलं की पंखा समोरची हवा ओढायचं सोडून इंजिनाजवळची गरम हवाच गोल गोल फिरवत बसतो. आणि पंखा बघितला तर उलटा बसवलेला! पंखा उलटा बसवला तरी हवा त्याच दिशेनं फेकतो त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही, पण पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला आल्यामुळं ताकद बरीच कमी होते. तो सरळ केला, इंजिन आयडलला ठेवून जाळीसमोर पेपरचं पान धरलं तर चटकन चिकटून बसलं. ८२ डिग्रीचा थर्मोस्टॅट परत टाकला. थर्मोस्टॅट काढला की गाडी गार राहते हा आपल्याकडचा फार जुना समज आहे, मला तो मान्य नाही. तो काढल्यानं जाळीची ताकद वाढत नाही, फक्त हिवाळ्यात सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं आणि घासणीही जास्त होते.

एवढं सगळं केल्यावर मला खात्री होती. आबांना फोन करून सांगितलं, या, आता कॅन घरीच ठेवा.

आबा आले आणि कॅन घेऊनच आले.

दुपारी दोनला निघालो, मुद्दामच, कारण ट्रायल घ्यायची तर उन्हात घ्यावी. बाहेर बेचाळीस डिग्री. आबा चालवायला, मी शेजारी, मागं माझा पोऱ्या टेंपरेचर गन (न शिवता लांबून ताप मोजायचं यंत्र) घेऊन. पालीपर्यंत काटा नव्वदच्या खाली, बिंदुसरेच्या बाजूनं जाताना आबा गाणं गुणगुणत होते. घाट सुरू झाला, तिसरा, मग दुसरा गिअर, वारं पाठीमागून, म्हणजे गाडी जेवढी पुढं जातीय तेवढंच वारं तिच्यासोबत चाललंय, जाळीला काहीच मिळत नाही. काटा पंच्याण्णव. शंभर. आबांनी गुणगुणणं बंद केलं. त्या वळणाच्या शंभर फूट अलीकडं काटा एकशेपाचच्या पुढं गेला आणि मी म्हणालो थांबवा. त्यांनी त्याच लिंबाखाली गाडी घेतली जिथं पंचवीस वर्षं घेत होते. मला काही बोलले नाहीत. नुसते म्हणाले, "उगं आणले का म्हनून मी कॅन." त्या वाक्याचा मला फार त्रास झाला कारण त्यात राग नव्हता, त्यांना हेच अपेक्षित होतं.

इंजिन मी बंद करू दिलं नाही. गरम झाली की लोक घाईनं चावी फिरवतात, पण बंद केलं की पंप थांबतो, पंखा थांबतो आणि आतली सगळी उष्णता जागच्या जागी बसते. पाणी गळत नसेल, बेल्ट शाबूत असेल तर न्यूट्रलला घेऊन जरा रेस ठेवून चालू ठेवावी. कॅपला तर हातच लावायचा नाही. कॅपच्या दाबामुळं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि कॅप उघडली की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. साधारण सात पाउंड दाबाची कॅप असेल तर उकळायचा आकडा दहा-बारा डिग्री वर जातो. एवढी साधी रबराची वायसर, पण ती गेली की घाटात तेवढे दहा-बारा डिग्री कमी पडतात.

मग गन घेतली. चकचकीत धातूवर ती खोटं दाखवते म्हणून मी आधीच दोन-चार जागी काळ्या रंगाचे ठिपके देऊन ठेवले होते. वरचा होज, इंजिनातलं गरम पाणी जाळीत नेणारा, अठ्ठ्याण्णव. खालचा होज, गार पाणी इंजिनात परत नेणारा, सत्तर.

इथं मी थबकलो. जाळी चांगली आहे, पाणी नीट फिरतंय, तर वरच्या-खालच्यात आठ-दहा डिग्रीचा फरक असायला पाहिजे. इथं अठ्ठावीस! म्हणजे जाळीत पाणी एवढं गार होतंय की विचारू नका, पण एवढं गार होतंय कारण ते तिथं रेंगाळतंय. पाणी येतंच कमी आहे. मग ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या इंजिनाच्या धडाच्या, बाजूनं गन फिरवली. पुढं पहिल्या सिलिंडरजवळ ब्याण्णव, दुसऱ्याजवळ शहाण्णव, आणि मागं फायरवॉलकडं (इंजिन आणि ड्रायव्हरच्या मधला पत्रा) चौथ्याजवळ एकशे अठरा. पोऱ्याला म्हटलं तू घे, मी चुकतोय का बघ. त्यालाही एकशे अठराच.

आबांना म्हणालो, आबा, ताप जाळीत नाही, पोटात आहे.

संध्याकाळी गार झाल्यावर गाडी गॅरेजला आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी कॅप उघडून चालू केली, हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्याच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं पॅकिंग) उडालं असेल तर पाण्यात बुडबुडे येतात, आले नाहीत. मग ब्लॉकच्या बाजूला मागं पाणी सोडायचा छोटा कॉक असतो तो उघडला. एक थेंब आला नाही. जाळीत पाणी काठोकाठ, आणि ब्लॉकच्या तळाचा कॉक कोरडा! तार घातली, दोन इंच गेली आणि अडकली. जरा टोचलं तर आधी तपकिरी पाणी झिरपलं आणि मग मलमासारखा गाळ सुटला. फेब्रुवारीत हा कॉक मी उघडून बघितला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं, हे मला आजही लागतं.

ब्लॉकच्या बाजूचे बशीसारखे पत्र्याचे प्लग असतात ते सगळे काढले, हेडपण उतरवलं. तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरभोवती पाण्याची जागाच उरली नव्हती. गंज, तळाशी बसलेली माती आणि सिलिंडरच्या भिंतीला बाहेरून चिकटलेला पांढरा दगडासारखा थर, काही ठिकाणी दोन-तीन मिलिमीटर. पंपाचं पाणी पुढून येतं, मागं जाईपर्यंत त्याचा जोर संपतो आणि जे काही त्यात असेल ते तिथं बसतं. आबा स्टुलावर बसून बघत होते. मी त्या थराचा एक तुकडा बशीत काढला आणि रसवंतीवाल्याकडून लिंबू आणून पिळलं, तर सोडावॉटरसारखा फेस आला. चुना.

आबा बराच वेळ बशीकडं बघत होते. मग म्हणाले, "हे तर माझ्या बोरचं पानी हाय."

आणि मग ते बोलायला लागले. सुरवातीला विहिरीचं पाणी टाकायचे. मग विहीर आटली, दोनशे फुटाचा बोर घेतला, मग चारशे, मग सहाशे. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आपल्या सगळ्यांना आठवतं, त्या उन्हाळ्यात ह्याच जीपमधे ड्रम टाकून ते वस्तीला पाणी पुरवत होते, दिवसात सहा-सात खेपा, आणि प्रत्येक खेपेला गाडी उकळली की त्याच ड्रममधलं एक घागर तिला. काळ्या खडकाच्या पोटात जेवढं खोल जावं तेवढं पाणी बहुतेक वेळा जड लागतं, भांड्याला पांढरं बसतं, डाळ शिजत नाही, हे आपल्याकडं बाईमाणसाला विचारा. तेच पाणी इंजिनात उकळून उडून जायचं आणि चुना मागं ठेवायचं. परत पाणी, परत चुना. गाडी गरम व्हायची म्हणून पाणी ओतायचे आणि पाणी ओतायचे म्हणून गाडी अजून गरम व्हायची, पंचवीस वर्षं.

डिझेल जळून जेवढी उष्णता निघते त्यातली ढोबळमानानं एक तृतीयांश चाकाला कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली बहुतेक पाण्यानं वाहून न्यायची असते. ब्लॉक बीडाचा असतो (आमच्या गावाचं आणि ओतीव लोखंडाचं नाव एकच, मला ते आवडतं), बीडातून उष्णता चांगली जाते, पण त्यावरचा एक मिलिमीटर चुना म्हणजे वीस-पंचवीस मिलिमीटर जाड बीडाएवढा अडथळा. मग जाळी विमानाची लावा, काय उपयोग.

साफ करायला चार दिवस गेले. जाळी बाजूला काढून ठेवली, नाहीतर निघालेला सगळा गाळ नव्या नळ्यांत जाऊन बसला असता. तारा, जुने पेचकस वाकवून केलेले हूक, एकदा पुढून पाणी आणि हवा, एकदा मागून. नुसता सुका गाळ पावणेदोन किलो भरला, वजनकाट्यावर ठेवून आबांना दाखवला. मग प्लग नवे बसवून, हेडची पातळी पट्टी आणि फिलर गेजनं तपासून, नव्या गॅस्केटवर जोडलं आणि लिंबूसत्व, पंधरा लिटरला पाऊण किलो, ते घालून इंजिन कोमट चालवलं, सोडलं, परत भरलं, तीनदा. बाथरूमचं ॲसिड घालायचा सल्ला देणारे बरेच भेटतात, त्यांचं ऐकू नका, ॲल्युमिनियमचे भाग आणि जाळीचा डाग दोन्ही खातं ते. शेवटी खायचा सोडा घालून एकदा फिरवलं आणि साध्या पाण्यानं धुवून काढलं.

भरताना एक भाग कूलंट, दोन भाग बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी. खरं सांगायचं तर उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी कूलंटपेक्षा सरस आहे, आणि आपल्याकडं काही पाणी गोठत नाही, पण कूलंटमधे गंज न येऊ देणारी औषधं असतात, आपल्याला ती पाहिजेत. म्हणून मी अर्धं-अर्धं करत नाही.

परत दुपारी दोन. परत तोच घाट, त्या दिवशी त्रेचाळीस होतं. आबांना एवढंच सांगितलं, इंजिन गुदमरू देऊ नका, एक गिअर खाली घ्या आणि रेस एकसारखी ठेवा, पंखा आणि पंप दोन्ही इंजिनाच्याच जोरावर फिरतात. काटा नव्वद. एक्क्याण्णव. लिंबाच्या वळणाला त्र्याण्णव, तिथून हललाच नाही. वर मांजरसुंब्याला चौकात थांबून गन लावली, वर-खालच्या होजमधे नऊ डिग्री, चौथा सिलिंडर पंच्याण्णव. आबांनी तीनदा वाचायला लावलं.

अक्षय्य तृतीया निघून गेली होती, गाडी वीस दिवस उशिरा दिली. न्यायच्या दिवशी नंबर प्लेटवाला पेंटर आला होता, त्याच्याकडून आबांनी बॉनेटच्या आतून, कॅपच्या बरोबर वर, पांढऱ्या रंगात लिहून घेतलं, "यात बोरचं पाणी ओतू नये." रंग वाळायच्या आत त्याला परत बोलावलं आणि म्हणाले, "खाली अजून एक लिही, हिरीचंबी नाही."