दिसतं तसं नसतं

सांगलीत गणपती पेठेच्या अंगाला माझं डीटीपीचं दुकान आहे. छपाईची पानं मांडायच्या पेजमेकर प्रोग्रामवर हात बसवला, आता सगळं तसल्याच कोरलमध्ये. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रिया, निवडणुकीची पत्रकं, काय म्हणाल ते. त्यामुळे हरिपूरचे मेहुणे जेव्हा म्हणाले, "दाजी, आपल्या हळदीचं एक वेब पेज करून द्या की," तेव्हा मला वाटलं, दुपारच्या चहाच्या आत उरकेल. आठ दिवस लागले.

पोरगी पुण्यात शिकते. तिनं फोनवर सांगितलं, "पप्पा, गुगल साइट्स उघडा. फुकट आहे, जीमेलचं खातं पुरतं. कोडबिड काही नाही. उजवीकडच्या पट्टीतून मजकूर, फोटो, बटण उचलायचं आणि पानावर ठेवायचं. जे दिसतं तेच लोकांना दिसणार." मी म्हटलं, म्हणजे कोरलच की!

मेहुण्यांचं पत्रक माझ्याकडे तयारच होतं. त्यातला मजकूर कॉपी केला आणि पानावर चिकटवला. पडद्यावर जे उमटलं ते कुठल्या भाषेत होतं देव जाणे. इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं, मधेच एखादी कंसाची शेपटी. आमचे जुने फॉन्ट असेच बनलेत. आत इंग्रजी अक्षर, वर मराठीचं सोंग. तो फॉन्ट असेल त्या मशीनवरच 'ह' हा 'ह' दिसतो. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, म्हणून तो मजकूर कुठल्याही फोनवर मराठीच राहतो. हे मला ऐकून माहीत होतं, पण छपाईत कधी नडलं नव्हतं.

मी पळवाट काढली. आख्ख्या पत्रकाचा जेपीजी, म्हणजे फोटो, केला आणि तोच पानावर ठेवला. फॉन्ट शाबूत, बॉर्डर शाबूत, गणपती शाबूत. खूश होऊन पोरीला दाखवला. ती म्हणाली, "आता त्यातला फोन नंबर बोटानं दाबून कॉपी करा." होईना. "आणि 'राजापुरी हळद' असं कोणी शोधलं तर सापडेल?" चित्रातली अक्षरं म्हणजे शेवटी चित्रच.

मग सगळं युनिकोडमध्ये नव्यानं लिहायला बसलो. टायपिंगचा कंटाळा म्हणून फोनवर बोलून लिहिलं. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, आणि तिथल्या घट्ट मातीत खोल पेवं खणून हळद साठवायची जुनी पद्धत. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं वाया गेली. मेहुण्यांच्या आजोबांचंही त्यातच गेलं, म्हणून पेवाचा उल्लेख पाहिजेच असा त्यांचा हट्ट. फोननं लिहिलं, 'आमच्याकडे जमिनीखालचे पेय आहे.' सांगली हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही टाकलं.

मजकूर झाला, आता सजावट. दरपत्रक मी हॉटेलच्या मेनूसारखं केलं होतं: डावीकडे 'हळद पावडर अर्धा किलो', मग टिंबंटिंबंटिंबं, उजवीकडे दर. माझ्या पडद्यावर एका रेषेत, सुबक. मेहुण्यांचा फोन आला, "दाजी, हे काय दिसालंय? टिंबं खाली, पैसे त्याच्या खाली." फोनची रुंदी कमी, ओळ मोडली. शेजारीशेजारी ठेवलेला मजकूर आणि फोटोसुद्धा फोनवर एकाखाली एक झाले. कागदाला कडा असतात हो. ए-फाइव्ह म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, तो सांगलीत तेवढा आणि मुंबईतही तेवढाच. या पानाला कडाच नाही. ज्याच्या हातात जाईल त्याच्या मापाचं होतं. पानावर प्रीव्ह्यूचं बटण असतं, त्यात फोन, टॅबलेट, कॉम्प्युटर असे तिन्ही आकार बघता येतात. ते मी चौथ्या दिवशी दाबलं. टिंबं काढली, प्रत्येक पॅकिंगला स्वतंत्र ओळ दिली.

मग ती लिंकची गंमत. वर पट्टीत दिसणारा पत्ता उचलला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात मला ईमेल यायला लागले: अमुक व्यक्ती परवानगी मागत आहे. तो पत्ता पान लिहायच्या खोलीचा होता, दुकानाच्या दाराचा नव्हे. पब्लिश केल्यावर वेगळा पत्ता मिळतो, तो द्यायचा. नंतर काही बदललं तर पुन्हा पब्लिश करायचं, नाहीतर तुम्हाला नवं दिसतं आणि गिऱ्हाइकाला जुनंच.

खरा धक्का मात्र मिरजेच्या तबलजींनी दिला. त्यांना दिसत नाही. फोन मोठ्यानं वाचून दाखवतो, त्यावर सगळा व्यवहार. मेहुण्यांकडून दरवर्षी हळद नेतात. त्यांनी फोन केला, "तुमच्या पानावर मथळेच नाहीत का? मी मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारतो. इथं सुरुवातीपासून सगळं ऐकायला लागतंय. आणि फोटो आला की नुसतं 'इमेज' म्हणतो." मथळे तर मी ठळक, मोठे, चांगले लाल केले होते! पण केले होते हातानं आकार वाढवून. यादीतून 'हेडिंग' निवडलं तरच पानाला कळतं की हा मथळा आहे. आदल्या दिवशी वरती अनुक्रमणिका टाकायला गेलो तर ती रिकामी का आली, तेही तेव्हा उमगलं. तिनं तरी मथळे कुठून आणायचे! डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पंचवीस वर्षं मी अक्षरं मोठी करत आलो, मथळा कधी केलाच नव्हता.

सगळे मथळे नीट केले. प्रत्येक फोटोमागे वर्णन लिहिलं. 'हळकुंडांचं पोतं' लिहून थांबलो होतो. तबलजींनी विचारलं, पोतं भरलंय की उघडं? मग 'उघड्या पोत्यातली वाळलेली हळकुंडं' असं केलं. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. त्यात नंबरच्या आधी ९१ लागतं, अधिकचं चिन्ह आणि शून्य नको, एवढं सोडलं तर सोपं.

आठव्या दिवशी मेहुणे दुकानात आले. पान वरपासून खालपर्यंत बघितलं, पेवापाशी जरा थांबले. म्हणाले, "झकास झालंय दाजी. याची एक प्रिंट काढा की, लॅमिनेट करून भिंतीला लावतो."

मी क्यूआर कोड छापून दिला. ए-फाइव्हमध्ये, कोरलवर, बॉर्डरसकट.