४२ नंबरची तार

मडगावच्या एका तारवट्याच्या, म्हणजे बोटीवर नोकरी केलेल्याच्या, घरात ही स्टील गिटार मिळाली. मांडीवर आडवी घेऊन वाजवायची, सहा तारांची, अमेरिकन बनावटीची. आपल्याकडे हवाइयन गिटार म्हणतात ती. एका बाजूच्या खुंट्या मूळच्या, दुसऱ्या बाजूच्या भलत्याच कंपनीच्या, तारा टेकतात तो ब्रिज आणखी तिसऱ्याच गिटारीचा आणि तारांचा आवाज पकडून अॅम्प्लिफायरला देणारा पिकअप मुका.

खुंट्या, गंज, पॉलिश हे सगळं सहज उरकलं. विजोड खुंट्या तशाच ठेवल्या. सूर धरतात ना, मग जोडी जुळवायला पैसे कशाला घालवायचे?

पिकअपनं मात्र रडवलं. आतली कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, तुटलेली. फोंड्यात पंप आणि मिक्सरचं वाइंडिंग करणारा एकजण आहे, त्याच्याकडे गेलो. कागदावर स्वच्छ लिहून दिलं: तार अमेरिकन गेजची (तारेच्या जाडीचे नंबर) ४२ नंबर, जाडी ०.०६३ मिमी. त्यानं कागद न वाचताच खिळ्याला अडकवला. "फाल्यां यो." म्हणजे उद्या ये.

ते फाल्यां काही उजाडेना. मग चवथ आली, म्हणजे गणपती. गावातले झाडून सगळे मिक्सर आणि देखाव्यांच्या मोटरी त्याच्या दुकानात, माझा बॉबिन (ज्यावर कॉइल गुंडाळतात तो साचा) त्यांच्याखाली कुठेतरी. चवथ सरल्यावर एकदाचा हातात पडला. वेढे अगदी सुबक, पण मीटर लावला तर तारेचा रोध जेमतेम एक किलो-ओहम. अशा पिकअपला सहाच्या आसपास तरी हवा. "तार ४२ चीच ना?" "बेचाळीसच!" रीळ माझ्या नाकासमोर धरलं. खरंच ४२ लिहिलेलं.

गोम अशी, की आपल्याकडचे वाइंडिंगवाले ब्रिटिश गेज वापरतात. त्यातली ४२ नंबरची तार ०.१ मिमी जाड. एवढ्या जाड तारेनं बॉबिन निम्मे वेढे व्हायच्या आतच भरतो. आपल्याला हवी ती त्यांच्या भाषेत ४६ नंबरची. हे तोंडी सांगून पटेना, तेव्हा शेजारच्या लेथवाल्याचा मायक्रोमीटर आणून तार त्याच्यासमोर मोजली. त्यानं आकडा पाहिला, खिळ्यावरचा कागद काढून पहिल्यांदाच वाचला आणि उलट मलाच म्हणाला, "आदीं कित्याक सांगूंक ना?" आधी का नाही सांगितलंस?

४६ ची तार मुंबईहून मागवली. दुसऱ्यांदा मी दुकानातच स्टूल टाकून बसलो. हात हलका हवा, नाहीतर तार मध्येच तुटते, आणि त्याचा हात खरंच हलका आहे. मीटर सहाच्या वर गेला. मजुरी त्यानं दोन्ही वेळची घेतली. मी दिली, पण अजून सलते.

कॉइल उघडण्याआधी लोहचुंबकाची कुठली बाजू वर आहे ते खडूनं खुणावून ठेवा, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. स्क्रूही इंची आट्यांचे असतात. आपला चार मिमीचा स्क्रू दोन पिळे जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की आटे मेलेच. जुने स्क्रू रॉकेलमध्ये भिजवून तेच वापरा. व्हॉल्यूमचं पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) २५० किलो-ओहमचं घ्या. आपल्याकडच्या छोट्या पॉटला मूळचं भोक मोठं पडतं, पण दोन्हीकडून वॉशर लावले की घट्ट बसतं.