ह्यांच्या नंबरावर कुणीतरी बोलतंय

औसा तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. माझ्या टेबलाच्या खणात एक लांबट रजिस्टर आहे आणि त्यात अर्ध्या गावाचे पासवर्ड आहेत. महाडीबीटीचा वेगळा, पीकविम्याचा वेगळा, दाखल्यांचा वेगळा. लोक म्हणाले, तूच लिहून ठेव, आमच्या ध्यानात राहत नाही. हे रजिस्टर कुणाच्या हाती लागलं तर काय, या धास्तीनं रात्री उठून कुलूप बघून आलोय मी.

म्हणून २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘मेरी पहचान’ आणलं तेव्हा मनापासून बरं वाटलं. डिजिलॉकर, ई-प्रमाण किंवा जन परिचय, यांतलं एक खातं असलं की जोडलेल्या सरकारी संकेतस्थळांवर त्याच ओळखीनं आत जायचं. गावात सांगताना मी पोलीस पाटलाचा दाखला देतो. पाटलानं ‘हा आमच्या गावचाच’ असं लिहून दिलं की पुढचा माणूस जास्त विचारत नाही. इथंही तसंच. संकेतस्थळाला तुमचा पासवर्ड कळतच नाही. ते तुम्हाला डिजिलॉकरच्या दारात पाठवतं, तिथून सही केलेली चिठ्ठी येते आणि दार उघडतं.

गेल्या पावसाळ्यात, खुरपणीच्या दिवसांत, आमच्या गल्लीतल्या काकू आल्या. दोन वर्षांपूर्वी काका गेले. वारसाची नोंद होऊन शेत काकूंच्या नावावर आलं होतं. म्हटलं, काकू, आज तुमचं डिजिलॉकर काढू, पुढं माझ्या वहीचं काम नको. आधार नंबर टाकला. ओटीपी गेला. काकू हातातल्या फोनकडं बघत बसल्या. काहीच येईना. पडद्यावर नंबरचे शेवटचे आकडे दिसत होते, ते मी वाचून दाखवले.

“आरं, हे तर ह्यांचं हाय,” काकू म्हणाल्या.

आधार काढताना घरात एकच फोन होता, काकांचा. काका गेल्यावर रिचार्ज थांबला, सिम बंद पडलं. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस राखून ठेवतात आणि मग तो दुसऱ्याला देता येतो, हे मला माहीत होतं. तरी मी तो नंबर लावला, आणि स्पीकरवर लावला. तेवढं करायला नको होतं.

पलीकडून एका तरुणाचा आवाज आला. हिंदीत म्हणाला, हो, आत्ताच ओटीपी आला, असे बरेच येतात. भला माणूस होता, आकडे सांगायलाही तयार झाला. मी नको म्हटलं. काकू फोनकडं टक लावून बघत होत्या.

“ह्यांच्या नंबरावर दुसरंच कुणी बोलतंय की रं लेकरा.”

बराच वेळ मला काही बोलता आलं नाही. नुसत्या ओटीपीनं सगळं उघडत नाही, आधार नंबरही लागतो. पण त्या नंबरच्या झेरॉक्स गावभर कुठं कुठं पडल्यात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एका किल्लीनं सगळी दारं उघडायची, तर ती किल्ली परक्याच्या खिशात राहिलेली कशी चालेल? फॉर्म भरताना ‘मोबाईल तुमचाच आहे ना’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. आम्ही केंद्रवाल्यांनी ते विचारलं नाही. वेळ वाचवायला काही ठिकाणी तर स्वतःचाच नंबर टाकला.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या नावानं सिम घेतलं आणि औशाला आधार केंद्रात गेलो. मोबाईल बदलायला कागद लागत नाही, बोटं लागतात. खुरपं धरून धरून काकूंच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. चारदा पुसून ठेवली तरी मशीन घेईना. शेवटी डोळ्यांवर काम झालं.

आठवड्यानं काकू परत आल्या. ओटीपी त्यांच्याच फोनवर वाजला. मग सहा आकडी पिन टाकायची वेळ आली. सवयीनं मी रजिस्टर उघडलं, तर काकूंनी फोन उचलला, पदराआड धरला आणि एकेक आकडा दाबत राहिल्या. मी दाराबाहेर लिंबाकडं बघत थांबलो. झाल्यावर रजिस्टरातलं त्यांचं पान फाडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्याची घडी केली आणि कनवटीला खोचली.