पौर्णिमेचं वाचनालय

माळ्यावरची ट्रंक उपसताना परवा दुपारी आजोबांच्या नावाचं एक पोस्टकार्ड हाती लागलं. मजकूर नेहमीचाच: सर्व क्षेम, पाऊस फार, कुणाचा तरी खोकला. कोपऱ्यात मात्र पत्ता होता, 'मालकमपेठ, महाबळेश्वर'. लहानपणी मला ही मालकांची पेठ वाटायची. बाजारात गल्ल्यावर बसलेले सगळे मालकच दिसायचे, मग शंका कशाला येईल?

पुढे कळलं, मालक नव्हे, माल्कम. सर जॉन माल्कम, मुंबईचा गव्हर्नर. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ साली त्याने ही जागा दुसऱ्या गावाच्या बदल्यात घेतली. ट्रंक तशीच उघडी टाकून मी हा माल्कम मुळात कुठला ते शोधत बसले आणि स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, एस्क नदीच्या खोऱ्यात जाऊन पोचले. वेस्टरकर्क हा तिथला चर्चच्या हद्दीचा पट्टा. मेंढ्या, टेकड्या, विखुरलेली शेतघरं आणि नदीकाठी बेंटपाथ नावाचं इवलंसं गाव. माल्कम इथला, सतरा भावंडांतला एक. जॉनचा तिकडे लाडाने जॉक होतो. वर्गात काहीही विपरीत घडलं की मास्तर म्हणायचे, ''यामागे जॉकच असणार!'' पुढे जॉकने इराणचा जाडजूड इतिहास लिहिला, मास्तरांना एक प्रत पाठवली आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर त्यांचंच वाक्य लिहून दिलं. असा विद्यार्थी लाभलेल्या मास्तरांचा मला हेवा वाटतो.

पण माझा जीव अडकला तो तिथल्या वाचनालयात. जवळच्या डोंगरात अँटिमनीची खाण होती. आपल्याकडे पूर्वी ज्याचा सुरमा करायचे तेच खनिज. त्या खाणीतल्या मजुरांनी १७९३ साली हे वाचनालय काढलं. खाण लवकरच थंडावली, पुस्तकं मात्र मागे राहिली आणि शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या हाती गेली. याच पट्ट्यातल्या एका मेंढपाळाचा मुलगा, थॉमस टेलफर्ड, पाथरवटाचं काम शिकून पुढे मोठा पूल बांधणारा झाला. वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवर १८२६ साली झुलता पूल उभारणारा तोच. बाप त्याच्या जन्मानंतर काही महिन्यांतच गेला. मोठेपणी याने स्वतः छिन्नी धरून त्याच्या थडग्यावर कोरलं, की इथे एक निष्कलंक मेंढपाळ विसावला आहे. १८३४ साली तो वारला, तेव्हा गावच्या वाचनालयासाठी एक हजार पौंड ठेवून गेला.

आणि पुस्तकं बदलायचा दिवस? महिन्यातून एकदा, पौर्णिमेला!

हे वाचून मी पोस्टकार्डाने वारा घेत बराच वेळ बसून राहिले. कारण सरळ आहे. रस्त्यावर दिवा नाही, घर दोन डोंगरांपलीकडे, हातात पुस्तकं. चंद्र नको? शेतकरी, मेंढपाळ, नांगर धरणारे, त्यांची पोरं, सगळी लांबलांबून यायची आणि महिन्याला पुरतील इतकी पुस्तकं घेऊन चांदण्यात परतायची. आपल्याकडे पौर्णिमेला सत्यनारायण, तिकडे पुस्तकं. आता स्कॉटलंडच्या आभाळात चंद्र महिन्यातून किती वेळा दिसत असेल हा प्रश्न मी मुद्दामच कुणाला विचारलेला नाही.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं बदलायची ती संध्याकाळी पाच ते सात, तीही ग्रंथपाल काकांचा चहा झाला असेल तर. उशिराचा दंड दिवसाला पाच पैसे. मी आईच्या भाजीच्या पिशवीत पुस्तक लपवून न्यायचे, कारण काका कोथिंबिरीचा वास आला तरी ओरडायचे. खरं सांगायचं तर पुस्तक परत करणं मला आजही जमत नाही. एकाचं शेवटचं प्रकरण मी दोन वर्षं वाचायचं ठेवलंय, केवळ परत द्यावं लागू नये म्हणून.

माझ्या डोक्यात एक झकास सिद्धांत तयार होत होता. चांदण्यात पुस्तकं वाटणाऱ्या गावातूनच अशी जग पालथं घालणारी मुलं निघतात, वगैरे. मग तारखा जुळवल्या. माल्कम तेरा-चौदाचा असतानाच हिंदुस्थानात निघून आला आणि टेलफर्डनेही वाचनालय निघायच्या बऱ्याच आधी गाव सोडलं होतं. सिद्धांत गेला पाण्यात.

राहिला माल्कम. मास्तरांचा हा खोडकर जॉक १८१८च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावासमोर बसला होता. वर्षाला आठ लाखांची पेन्शन ठरली आणि पेशवाई संपली. शाळेत हे शिकताना बाईंनी फक्त साल पाठ करून घेतलं होतं. यामागे कोण होतं, ते बेंटपाथच्या मास्तरांनी मात्र लगेच सांगितलं असतं.

पोस्टकार्ड परत ट्रंकेत ठेवलं. येत्या पौर्णिमेला ते पुस्तक नक्की देऊन येणार आहे. ढग नसले तर.