ज्याला ते फार्रो म्हणतात

"स्कोत्तो."

वरच्या मजल्यावरच्या सिन्योरांनी पहिला घास घेतला, काटा ताटलीच्या कडेला टेकवला आणि एवढंच म्हणाल्या. म्हणजे जास्त शिजलंय. रागानं नाही, डॉक्टर 'सर्दी आहे' म्हणतात तसं. इटलीत तीन वर्षं काढल्यावर बरंच काही अंगवळणी पडलंय, पण जेवायला बोलावणाऱ्याच्या तोंडावर असं सांगणं अजून पचत नाही. आपल्याकडे पाहुणा 'छान झालंय हो' म्हणतो आणि काय बोलायचं ते घरी जाऊन बोलतो. मला तीच रीत बरी वाटते. ताटली मात्र त्यांनी पुसून संपवली, तेही सांगितलं पाहिजे.

बायको सुट्टीला गावी गेलीय. आमचं इथलं शहर लुक्का, आणि जूनमधलं लुक्का म्हणजे संध्याकाळी सातलाही ओट्यापाशी उभं राहवत नाही. म्हणून गार खायचं काहीतरी करावं म्हटलं, आणि इथे त्याला ठरलेलं उत्तर आहे: फार्रोचं सॅलड. धान्य शिजवून गार करायचं, त्यात टोमॅटो, ऑलिव्ह, बाझिलिकोची (इथल्या तुळशीची) पानं आणि सढळ हातानं ऑलिव्ह तेल. लुक्काच्या वरच्या अंगाला सेर्क्यो नदीचं खोरं आहे, गार्फान्याना. तिथल्या फार्रोला १९९६ पासून युरोपचं भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा इथल्या लोकांना कोण अभिमान! (आमच्या सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्यालाही मानांकन आहे, पण मला ते कुणी विचारत नाही.)

पाकीट उलटं केलं तर मागे बारीक अक्षरांत शास्त्रीय नाव लिहिलेलं: त्रितिकुम दिकोक्कुम. फोनवर शोधलं आणि उडालोच. खपली गहू! आईला व्हिडिओ कॉल लावून दाणे दाखवले.

"अरे, ही तर खपलीच. आजीनं जन्मभर कांडली. तू कधी वाटीभर खीर संपवली नाहीस."

खरं आहे. त्यावर काही बोललो नाही.

आता ज्या गोष्टीनं माझं डोकं फिरलं ती. खपलीचं टरफल मळणीत सुटत नाही, ते वेगळं काढावं लागतं. इथे नुसतं टरफल काढलेल्याला देकोर्तिकातो म्हणतात, त्यावर कोंडा शाबूत असतो. दुसरा पेर्लातो. त्याचा कोंडाही घासून काढलेला, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो. मी आधी पेर्लातो घेऊन आलो होतो. पाकिटावर सोनेरी ओंब्या, जुनं जातं, डोंगरातलं गाव, सगळा थाट अख्ख्या धान्याचा. आणि ज्यासाठी अख्खं धान्य खायचं तो कोंडाच गायब. 'पेर्लातो' हा शब्द आहे पाकिटावर, नाही असं नाही, पण मोत्यासारखं काहीतरी उंची असेल असंच मला वाटलं होतं. सायकल काढून परत दुकानात गेलो आणि देकोर्तिकातो आणला. तावातावानं आईला हे सगळं सांगितलं.

"मग खिरीला आपण काय करतो? गहू ओलवून सडतो, कोंडा पाखडून टाकतो. तेच की."

"खिरीची गोष्ट वेगळी," मी म्हणालो. "खीर आपण आरोग्याच्या नावाखाली खपवत नाही."

आई 'बरं' म्हणाली. तिचं 'बरं' तुम्हाला ठाऊक असेलच. शिवाय मला आठवलंच, की हल्ली आपल्याकडेही खपली 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकणारे भेटतात. गहू आहे तो! ग्लुटेन असणारच.

तर देकोर्तिकातो रात्रभर भिजवायचा असतो. मला हे आठवलं दुपारी चारला, सिन्योरा यायच्या आठला. तरी फिकीर नव्हती, कारण माझ्याकडे कुकर आहे. सहा शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर दाणे पोट फुटून एकमेकांच्या गळ्यात पडलेले. घाईत गरम गरम गिचक्यावरच टोमॅटो आणि मीठ घातलं, त्याला पाणी सुटलं ते वेगळंच. भाताचा गिचका निदान ताक घालून खाता येतो.

दुसऱ्या दिवशी सिन्योरा न बोलावता खाली आल्या, मला शिकवायला. भिजवलेला फार्रो मोठ्या पातेल्यात, पास्त्यासारखा भरपूर उकळत्या मिठाच्या पाण्यात. अर्ध्या तासानंतर दर पाच मिनिटांनी एक दाणा चावून पाहायचा. वरून मऊ, पण दाताला आत थोडा विरोध लागला पाहिजे. मग निथळायचा, नळाखाली अजिबात धरायचा नाही. परातीत पसरायचा आणि गरम असतानाच तेल चोळायचं, म्हणजे दाणे मोकळे राहतात. टोमॅटो आणि बाझिलिको अगदी वाढताना. साबुदाण्याच्या खिचडीसाठी आपण जेवढा जीव टाकतो, तेवढा त्या बाई या गव्हावर टाकत होत्या. दाणा न् दाणा सुटा झाला. मान्य.

पण मान्य करून गप्प बसेन तर मी कसला. सांगितलं त्यांना, हे धान्य आमच्याकडचंही आहे, माझ्या आजीच्या घरात कणगीभर असायचं. त्यांना खरंच नवल वाटलं.

"मग तुम्ही त्याचं काय करता?"

"खीर. गूळ, ओलं खोबरं, वेलदोडे घालून."

"गोड? फार्रो गोड?" त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेच कालचं 'स्कोत्तो'.

का कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं, "सॅलडही करतो की. आमच्या पद्धतीचं."

तर रविवारी रात्री सिन्योरा 'आमच्या पद्धतीचं' खपलीचं सॅलड खायला येणार आहेत, सोबत त्यांची बहीणही. दाण्याचा कूट आहे, लिंबू आहे, काकडी चोचवून घालीन. खपली आज वेळेवर भिजत घातलीय. वरून फोडणी द्यायची हेही ठरलंय, फक्त हिंग घालायचा की नाही ते ठरत नाहीये. आईला विचारलं तर ती नुसती हसतेय.