वीतभर तार

जुलैचा पाऊस. सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं. मैदानात नुसता राडा झालेला, म्हणून मुलांना घेऊन सायकल स्टँडच्या पत्र्याखाली गेलो.

नववीतला एक मुलगा, तालमीत वाढलेला. साध्या दोरीउड्या पाचशे मारून वर गप्पा मारेल. पण डबल, म्हणजे एकाच उडीत दोरी दोनदा पायाखालून काढायची, ती तीन आठवडे जमेना. दुसरी फेरी दरवेळी बुटात. मी ओरडायचो, "उंच मार!" तो टाचा मागं दुमडून आणखी उंच जायचा आणि आणखी जोरात अडकायचा. तारेची दोरी आखूड पडतेय असं मीच ठरवलं आणि मुठीजवळचा स्क्रू सैल करून दोनदा तार वाढवून दिली. आता लिहितानाही लाज वाटते.

ती वाढवलेली दोरी त्या दिवशी पत्र्यावर खाडकन वाजली. पोरं हसली. सहावीतली एक बारकी पोरगी मात्र म्हणाली, "सर, त्याचे हात बघा की. कोंबडीगत पंख पसरतोय."

बघितलं. दुसरी फेरी ओढताना तो खांद्यातून जोर लावत होता, हात बाजूला फाकत होते. हात जितके फाकतील तितकी दोरी खाली कमी उरते. मी तार वाढवत होतो, तो ती हातांनी खात होता.

दोरीच्या मध्यावर पाय ठेवून मुठी काखेशी येतील एवढी तार पुन्हा आत घेतली. मग दोरी बाजूला. नुसती उडी, आणि हवेत असताना मनगटातून मांड्यांवर दोन थापा. थप-थप, टेक. पंधरा मिनिटं तेवढंच. नंतर दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून मध्ये रुमाल दाबायला लावले. रुमाल पडला की थांबायचं. रुमाल किती वेळा पडले विचारू नका.

पहिला डबल बसला तो पावसाच्या आवाजात मला ऐकूच आला नाही, त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. मग सलग तीन. एकदा अडकला, शिवी गिळली. मग सात. आणि उडी? साध्या उडीपेक्षा जेमतेम चार बोटं जास्त.

मुठीतून वीतभर तार लोंबत होती. मी पक्कड काढली. "कापू का रे?"

"राहू द्या सर. अजून भरवसा न्हाई."

कुणावर, ते मी विचारलं नाही.