थंडीत बिडाचा ब्रॅकेट बांधावरच जोडायचा असेल तर

निफाड, पिंपळगाव साइडला डिसेंबर-जानेवारीत पारा 5-6 डिग्रीवर येतो, कधी त्याच्याही खाली, आणि नेमका तेव्हाच द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर बंद ठेवून चालत नाही. त्याच्या पंपाचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ब्रॅकेट चिरला की सकाळी सकाळी फोन. प्लॉटवर लाईट रात्रपाळीची, म्हणजे आर्क मशीन बाद, मग ऑक्सिजन आणि डीए, म्हणजे ॲसिटिलीनचा सिलिंडर, पिकअपमध्ये उभे बांधून निघायचं. डीए आडवा टाकायचाच नाही, आतला गॅस ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो, ते ॲसिटोन पाइपात येतं.

गारठ्यात हा गॅस सुटतोच हळू, गेज कमी दाखवतो, पण सिलिंडर संपलेला नसतो. तासाला सिलिंडरच्या सातव्या हिश्शापेक्षा जास्त गॅस ओढू नये असा जुना नियम आहे, थंडीत त्याहून कमीच, म्हणून मोठ्या नोझलचा हट्ट सोडा. आणि प्रेशर वाढावं म्हणून काही जण सिलिंडर शेकोटीला टेकवतात नाहीतर बुडाशी टॉर्च फिरवतात, ते बघून खरंच अंगावर काटा येतो. बागेत थंडीसाठी पहाटे शेकोट्या पेटलेल्याच असतात त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. अरे, त्याला 100 डिग्रीच्या आसपास वितळणारे प्लग असतात, ते गेले की सगळा गॅस बाहेर! फार तर कोमट पाणी ओता, नाहीतर ऊन येऊ द्या.

खोबरेलाचंही तेच. हात फुटतात म्हणून सगळेच तेल चोळून येतात, पण त्या हातानं ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला शिवायचं नाही, दाबातल्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतं. साबणानं हात धुवा, मग पाना धरा.

आता बीड. चिरेला कानशीनं व्ही आकाराची खाच करून घ्यायची, पत्र्याचा आडोसा लावायचा, आणि ज्योत चिरेवर न धरता सगळ्या ब्रॅकेटवर फिरवत राहायची. सुरुवातीला त्यावर पाणी सुटतं, नवीन पोरांना वाटतं बिडातून निघालं, पण ते ज्योतीचंच, ॲसिटिलीन जळताना जी वाफ होते ती गार धातूवर बसते. ते उडून जाऊ द्या, अजून तापवा, सगळीकडून सारखा. घाई करून एकच जागा लाल केली तर शेजारी दुसरी चीर गेलीच समजा. मग टाकणखार लावून पितळी रॉड वितळवून भरायचा, बीड वितळवायची गरजच नाही.

जोड झाला की बागवाले काका म्हणतात, पाणी मार, फवारणी खोळंबलीय. अजिबात नाही. शेकोटीची कोरडी गरम राख ओढा आणि ब्रॅकेट त्यात पूर्ण गाडा, गार वारा लागला तरी तडकतो. मी सरळ सांगतो, काका, हाताला सोसेल इतका निवल्याशिवाय बोल्ट लावायचा नाही, फवारणी दुपारनंतर धरा.